महापालिका निवडणुकीत स्वतःहून काम करायला मिळतं का? (सोलापूर)

रेवती_जुळेसोलापूर | १८ जानेवारी २०२६

आधी प्रश्न विचारते, कारण नंतर सांगते. मी सरकारी नोकरीत नाही, शिक्षिका नाही, बँकेतही नाही. एका खासगी कंपनीत हिशेब बघते. पुढच्या कुठल्याही स्थानिक निवडणुकीत, महापालिका असो की जिल्हा परिषद, मला मतदान केंद्रावर काम करायचं आहे. मानधन नको. नाव कुठे नोंदवायचं?

आपल्या महापालिकेची आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं सभागृहच नव्हतं, सगळा कारभार प्रशासकांकडे. गल्लीतलं काम सांगायला हक्काचा माणूस नाही, ही अवस्था आपण सगळ्यांनी बघितली. म्हणून मी १५ जानेवारीच्या मतदानाची मनापासून वाट बघत होते. केंद्रावर गेले तर एक वर्गखोली, आत चार-पाच कर्मचारी, दारात एक पोलीस आणि बाहेर जिन्यापर्यंत रांग. आतल्या मॅडम प्रत्येकाला तेच तेच सांगत होत्या, "अजून बटणं दाबायची आहेत, चारही मतं द्यायची आहेत." आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून प्रत्येकाची चार मतं. त्यांना पाणी प्यायला तरी वेळ मिळाला असेल का, असं वाटत राहिलं.

या शहरात लिहिता-वाचता येणारी, एक दिवस रजा टाकायला तयार असलेली माझ्यासारखी पुष्कळ माणसं असणार. ज्यांना ड्यूटी नको त्यांना ती सक्तीने द्यायची आणि ज्यांना हवी त्यांना दार बंद, हे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

कडक_भाकरी

ताई, निवडणुकीची ड्यूटी मागून घेणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. आमच्या ऑफिसात आदेशाचा लिफाफा आला की निम्म्या लोकांचं कंबरेचं जुनं दुखणं वर येतं. तुमचं मनापासून कौतुक.

निवृत्त_मास्तर

रेवतीताई, टेबलावर बसायला मिळणार नाही. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

राज्यघटनेच्या २४३-के (पंचायती) आणि २४३-झेडए (महापालिका, नगरपालिका) या कलमांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे दिल्या आहेत. २४३-के मध्ये पुढे असंही आहे की आयोगाने मागणी केली की लागणारा कर्मचारीवर्ग राज्यपालांनी उपलब्ध करून द्यायचा. म्हणजे ही सगळी रचनाच नोकरीत असलेल्या माणसावर उभी आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या निवडणुका केल्या, आधी मतदान अधिकारी म्हणून आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून.

लोकांना मतदानाचा एक दिवस दिसतो. काम त्याच्या बरंच आधी सुरू होतं. प्रशिक्षणात यंत्र हाताळून दाखवतात, प्रश्न विचारतात. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचं. कंट्रोल युनिट (मतयंत्राचा कर्मचाऱ्यांकडे असणारा भाग), बॅलट युनिटं (मतदाराच्या बटणांचा भाग), मतदार यादीच्या प्रती, शिक्के, सील, लाख, पाकिटं, फॉर्म. यादी हातात घेऊन एकेक वस्तू ताडायची. एक सील कमी निघालं तर ते तिथेच मागायचं, केंद्रावर पोचल्यावर रात्री कोणी आणून देत नाही. मग गाडीने केंद्रावर. खेड्यात असेल तर शाळेतच मुक्काम, बाकं जोडून झोपायचं.

पहाटे उठून उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान. त्यांच्यादेखत बटणं दाबायची, बेरीज जुळते का दाखवायची आणि मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. हे तीन शब्द प्रत्येक केंद्राध्यक्षाला झोपेतही आठवतात. कारण अभिरूप मतदानाची मतं यंत्रातून काढायची राहिली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. साडेसातला मतदान सुरू. पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो आणि यादीच्या प्रतीवर खूण करतो, म्हणजे बसलेल्या प्रतिनिधींना ऐकू जातं आणि कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर घेता येतो. दुसऱ्याकडे नोंदवही, सही किंवा अंगठा, आणि शाई. तिसरा कंट्रोल युनिट सांभाळतो. संध्याकाळी साडेपाचला जे रांगेत उभे असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या. त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून द्यायला सुरुवात करतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. मग सील, हिशेब, पाकिटं आणि साहित्य परत जमा करायची रांग. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते.

यातल्या प्रत्येक कागदावर कोणाची तरी सही असते आणि त्या सहीमागे नोकरी असते. गडबड झाली तर निलंबन होतं, चौकशी होते. स्वतःहून आलेल्या माणसाला जबाबदार कसं धरणार? म्हणून दार बंद आहे, आणि माझ्या मते ते बंद असणंच योग्य आहे.

शाळेतली_बाई

मास्तर, तुमचं सगळं बरोबर, पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही. आज ओझं कोणावर आहे ते बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे शिक्षकांना शिकवण्याबाहेरचं काम द्यायचं नाही. अपवाद तीन: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. ऐकायला तीनच आहेत. पण नगरपरिषदा डिसेंबरमध्ये, महापालिका जानेवारीत, लगेच जिल्हा परिषदा, आणि पाठोपाठ २०२७ च्या जनगणनेचं काम. माझ्या वर्गातल्या मुलांचं दुसरं सत्र या सगळ्यात कुठे बसवायचं?

बायकांचं आणखी वेगळं. मी एकदा ज्या केंद्रावर होते तिथल्या स्वच्छतागृहाला कडीच नव्हती. सोबतच्या मॅडमना सहा महिन्यांचं बाळ होतं. नवरा बाळाला घेऊन रस्त्यापलीकडे थांबला होता, दुपारी पाच मिनिटं सवड मिळाली तेव्हा त्या जाऊन पाजून आल्या. त्यांनी काम चोख केलं, एकही नोंद चुकली नाही. पण रेवतीसारखी एखादी बाई बदली म्हणून बसायला असती तर त्या मॅडमना अर्धा तास मिळाला असता. त्या अर्ध्या तासाने लोकशाही बिघडली नसती.

पूर्वभाग_पोरगा

मी सांगतो की, मी होतो ना तिथं. एनएसएसकडनं, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेकडनं गेल्तो. टेबलावर नाही, व्हरांड्यात. व्हीलचेअर ढकलायची, म्हाताऱ्यांना रांगेतनं पुढं न्यायचं, चिठ्ठीवरचा खोली नंबर बघून योग्य दारात सोडायचं. आतमधी पाऊल टाकायचं नाही म्हणून आधीच सांगितल्तं.

आमच्या भागात खरा घोळ खोली नंबरचा नव्हता, चार मतांचा होता. विड्या वळणाऱ्या बायका सकाळीच येतात, नंतर त्यांना काम असतं. निम्म्या आज्ज्या घरात तेलुगूच बोलतात. त्यांना आयुष्यभर एक माणूस एक मत एवढंच ठाऊक. एक बटण दाबलं, दिवा लागला, की निघाल्या. पण यंत्र काय वाजत नाही. चारी जागांची बटणं दाबल्याशिवाय आवाज येतच नाही. मग आतनं मॅडमची हाक, बाहेरनं रांगेचा आरडाओरडा, आणि आज्जी मधल्या मधी घाबरलेली.

आम्ही मग रांगेतच सांगत सुटलो. अ ची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. तेलुगूत तेलुपु, गुलाबी, पसुपु, नीलम. चार रंग, चार बटणं, मग आवाज. कोणी पसंत नसला तर नोटा हाय, पण चारी ठिकाणी काहीतरी दाबायचं. उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही, फक्त रंग. दुपारपर्यंत रांग लय भरभर सरकायला लागली. हे काम कोणीबी करू शकतं, फक्त भाषा पाहिजे.

रेवती_जुळेसोलापूर

पूर्वभाग_पोरगा, तू लिहिलंस ते वाचून फार बरं वाटलं. मला नेमकं हेच करायचं आहे. मला कन्नड येतं, माहेर अक्कलकोटचं.

अभय_एडिसन

मी मूळचा साखर पेठेतला, आता अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. इथली पद्धत सांगतो, तुलना तुम्ही करा.

इथे मतदान केंद्रावर बसणारी माणसं साधे नागरिकच असतात. काऊंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडणूक कार्यालयाकडे अर्ज करायचा, प्रशिक्षण घ्यायचं. सोळा-सतरा वर्षांची शाळकरी मुलंसुद्धा चालतात. पूर्ण दिवसाचे ३०० डॉलर मिळतात, त्यामुळे फुकटचं काम नाही. केंद्र सकाळी ६ ते रात्री ८ उघडं, म्हणजे आपण पहाटे पाचलाच हजर. मी नागरिकत्व मिळाल्यावर नाव दिलं. शाळा मंडळ आणि टाऊनशिपच्या जागांसाठीही लोक किती चौकसपणे येतात ते तिथे बसल्यावर कळलं.

मास्तरांनी विचारलं की जबाबदार कसं धरणार. इथला तोडगा असा की टेबलावर दोन्ही मोठ्या पक्षांची नोंदणी असलेली माणसं समसमान बसवतात. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं. माझ्या शेजारी बसणारे आजोबा माझ्या अगदी विरुद्ध मताचे. दिवसभर राजकारणाचा एक शब्द नाही, यंत्राचे आकडे मात्र दोघांनी मिळून वाचायचे आणि दोघांनी सही करायची. हे सोलापुरात का होऊ नये?

शेळगीकर

अभयभाऊ, सोलापुरात का होऊ नये ते सांगतो. आमच्या गल्लीत कोण कोणाचा, हे शेंबडं पोरगंही सांगेल. प्रभागातल्या निवडणुकीत हारजीत कधी कधी शे-दोनशे मतांवर होते. उद्या टेबलावर गल्लीतलाच माणूस बसला आणि त्याने नाव वाचताना नुसतं वर बघितलं, तरी भाड्याच्या खोलीत राहणारी बाई दबून जाईल. आज ती निर्धास्त येते, कारण समोरचे मास्तर बार्शीचे की मंगळवेढ्याचे तिला माहीत नाही आणि मास्तरांनाही ती कोण हे माहीत नाही. ही अनोळख फार मोलाची आहे. कर्मचाऱ्यांची सरमिसळ करून केंद्र ठरवतात ते याच्याचसाठी.

आणि पक्षाची माणसं आपल्याकडेही खोलीत असतातच. मतदान प्रतिनिधी म्हणून बसतात, आक्षेप घेतात, सील तपासतात, त्यावर सह्या करतात. लक्ष ठेवायचं काम तेच करतात. त्यांच्या हातात यादी आणि यंत्र द्यायची गरज नाही.

अभय_एडिसन

मग दुसऱ्या प्रभागात पाठवा. जुळे सोलापूरची रेवती शेळगीत, शेळगीचे तुम्ही होटगी रोडला. अनोळख राहिली की.

शेळगीकर

तरी मास्तरांचा मुद्दा उरतोच. चुकलं तर तुम्ही उद्या एडिसनला, आणि निलंबित कोणाला करायचं? :)

नियमावली

दोघांसाठी थोडं कायद्याचं. लोकसभा-विधानसभेला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १५९ वं कलम आहे. कर्मचारी कोणाकडून मागवता येतात ते त्यात दिलं आहे: स्थानिक संस्था, कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, सरकारी कंपन्या, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सरकारच्या नियंत्रणातल्या संस्था. पूर्ण खासगी कंपनी त्या यादीत नाही.

पण त्याच कायद्यात २६ व्या कलमात एक तरतूद आहे जी फार कमी लोकांना ठाऊक असते. मतदान अधिकारी केंद्रावर गैरहजर असेल तर केंद्राध्यक्ष तिथे हजर असलेल्या कोणाही व्यक्तीला त्याच्या जागी नेमू शकतो. अट एकच, ती व्यक्ती त्या निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराचं काम करणारी नसावी. म्हणजे साध्या नागरिकाने टेबलावर बसणं ही कल्पना आपल्या कायद्याला अगदीच परकी नाही. ती अडीअडचणीपुरती आहे, एवढंच. बाईंनी सांगितलेल्या बाळाच्या आईसाठी अशी एक राखीव, आधी प्रशिक्षण दिलेली नागरिकांची फळी ठेवता येईल का, हा मला रास्त प्रश्न वाटतो. त्यासाठी नियम बदलावे लागतील, आणि ते मागायला काहीच हरकत नाही.

कडक_भाकरी

मूळ विषयाला सोडून एक विचारतो. मतदानाच्या आठवड्यातच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा होती. आधी तैलाभिषेकाला नंदीध्वज (मानकरी मिरवतात त्या उंच काठ्या) अडुसष्ट लिंगांना जाऊन आले, मग संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, आणि यातच १५ ला मतदान. शेवटी शोभेचं दारूकाम, आणि १६ ला मतमोजणी. ज्यांना नंदीध्वजाचा मान आहे त्यांनी मत कधी दिलं?

मंगळवार_पेठ

सकाळी. आमच्या घरातले सगळे साडेसातलाच जाऊन आले, आंघोळ करून थेट केंद्रावर आणि मग होम मैदानाकडे. माझे चुलते पोलिसात आहेत, ते त्या आठवड्यात घरी फक्त कपडे बदलायला आले. यात्रेचा बंदोबस्त, मग मतदानाचा, मग मोजणीचा. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

दाजीपेठ_७५

केंद्रावरच्या डब्याचंही लिहा की कोणीतरी. माझ्या बायकोला ड्यूटी होती. तिने दोन दिवसांची सोय म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली. विटत नाही, सांडत नाही, एका हाताने खाता येते. सोबतचे कर्मचारी पुण्याकडचे होते, ते जाताना चटणीचा पत्ता लिहून घेऊन गेले.

कडक_भाकरी

माझ्या नावाचं सार्थक झालं.

होटगीरोडकर

शाईचं काय? बाटलीतल्या शाईऐवजी मार्कर होता आणि त्याची खूण पुसली जाते म्हणून या वेळी राज्यभर ओरड झाली. माझ्या बोटावरची खूण दुसऱ्या दिवशी फिकट झाली होती. मग एकाने दोनदा मतदान केलं तर कळणार कसं? या गोष्टी सोडून आपण स्वयंसेवक कोण असावं यावर बोलतोय.

निवृत्त_मास्तर

होटगीरोडकर, शाई चांगलीच हवी, यात दुमत नाही. लोकसभा-विधानसभेला म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली शाई असते, १९६२ पासून. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत मुरतं, म्हणून नखावरची रेघ नख वाढेपर्यंत जात नाही. लोकांचा विश्वास बोटावरच्या त्या रेघेवर असतो, त्यामुळे तिथे कसूर होता कामा नये.

पण दुबार मतदान रोखणारी मुख्य गोष्ट शाई नाही. पहिल्या अधिकाऱ्याच्या हातातली यादीची चिन्हांकित प्रत ही मुख्य गोष्ट. एकदा तुमच्या नावावर रेघ पडली की त्या केंद्रावर त्या नावाने दुसऱ्यांदा मत देता येत नाही. पुरुषाच्या नावाला रेघ, बाईच्या नावाला रेघ आणि शिवाय अनुक्रमांकाला गोल. मोजणी जुळवताना स्त्री-पुरुष आकडे त्यावरूनच निघतात. आणि खरा मतदार आला, पण त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलंय असं निघालं, तर त्याची ओळख पटवून त्याला प्रदत्त मत देतात, यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर. हा हक्क लोकांना माहीतच नसतो, ते चिडून घरी जातात. गडबड होते ती एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत असलं की. या वेळी संशयित दुबार नावांपुढे दोन तारे होते आणि असा मतदार आला की त्याच्याकडून हमीपत्र घ्यायचं होतं. तेव्हा रोगाचं मूळ यादीत आहे.

बीएलओ_ताई

मास्तरांनी यादीचं नाव काढलं म्हणून बोलते. मी अंगणवाडी सेविका, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी फिरायचं कामही माझ्याकडे आहे. इथे सगळे मतदानाच्या दिवसाबद्दल बोलत आहेत. माझ्या मते रेवतीताईंनी त्या दिवसाचा नाद थोडा बाजूला ठेवावा.

१५ तारखेला माझ्याकडे रडकुंडीला आलेली माणसं सांगते. एक मुलगा, अठरा वर्षं सप्टेंबरात पूर्ण झाली, हौसेने आला, नाव नाही. कारण या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली होती. एक कुटुंब, आई-वडील एका प्रभागात, मुलगा-सून शेजारच्या प्रभागात, घर एकच. एक आजी, त्यांच्या मिस्टरांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचं नाव यादीत आणि आजींचं गायब.

लोकांना वाटतं महापालिकेची यादी वेगळी बनते. बनत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागांप्रमाणे फोडतात. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकती मागवतात, पण त्या वेळी चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव किंवा फोडताना झालेली चूक एवढंच दुरुस्त होतं. नवीन नाव घालता येत नाही. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. नाव वर्षभरात आधीच घालावं लागतं. नवीन नावाला फॉर्म ६, मयत किंवा निघून गेलेल्यांसाठी ७, पत्ता बदल आणि दुरुस्तीला ८. वयाची पात्रता आता वर्षातून चार तारखांना धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. हे किती घरांत माहीत आहे?

माझ्याकडे हजारभर मतदार. दिवसा अंगणवाडी, आहार, वजनं, लसीकरणाचा दिवस. मी घरी जाते तेव्हा माणसं कामावर, माणसं घरी असतात तेव्हा मी स्वयंपाकाला. भाडेकरू तर दर वर्षी बदलतात. एखाद्या इमारतीतली एक बाई जरी म्हणाली की आमच्या जिन्यातली माणसं मी सांगते, तर माझं आठवड्याचं काम वाचतं. याला कोणाची परवानगी लागत नाही. फॉर्म भरणं मतदाराने स्वतःच करायचं, सही त्याचीच. तुम्ही फक्त त्याला सांगायचं आणि कागद दाखवायचे.

शाळेतली_बाई

ताई, अगदी खरं. मी केंद्रावर बसून नाव नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसांचे चेहरे मला दिवसभर आठवतात. त्यांच्यासाठी त्या दिवशी काहीच करता येत नाही.

होटगीरोडकर

पण हे काम पक्षाचे कार्यकर्ते करतातच की. आमच्याकडे फॉर्मांचे गठ्ठे घेऊन फिरत होते.

बीएलओ_ताई

दादा, ते आपापल्या माणसांची नावं घालायला फिरतात, त्यात गैर काही नाही. पण जो कोणाचाच नाही त्याच्या दारात कोण जातं? शिवणकाम करणारी एकटी बाई, बाहेरगावाहून कामाला आलेली पोरं, म्हातारं जोडपं. माझ्या भागात राहिलेली नावं बहुतेक यांचीच असतात.

शेळगीकर

हे पटलं. अभयभाऊंच्या सूचनेला माझा विरोध कायम आहे, पण या कामाला शेळगीत मी स्वतः येतो. माझे आजोबा सांगायचे, १९३० मध्ये याच नगरपालिकेवर तिरंगा चढला तेव्हा गावात काय वातावरण होतं. आपल्याकडे नगरपालिकेचा अभिमान जुना आहे. तिच्या यादीत सोलापूरकराचं नाव नसावं हे मनाला लागतं.

नियमावली

रेवतीताईंसाठी एक जपून ठेवायची गोष्ट. मतदानाच्या दिवशी व्हरांड्यात उभं राहायचं असेल तर ते संस्थेमार्फत आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांना माहीत असेल अशाच पद्धतीने करा. केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते. तुम्ही चांगल्या हेतूने रांगेत कोणाशी बोलत असाल आणि एखाद्या प्रतिनिधीने तक्रार केली, तर पोलीस तुम्हाला बाहेर काढतील आणि ते नियमाला धरूनच असेल. अंध किंवा अपंग मतदाराबरोबर यंत्रापर्यंत जाणारा सोबती हा वेगळा विषय. तो मतदाराने स्वतः आणायचा असतो, अठरा वर्षांवरचा, आणि मत गुप्त ठेवण्याचं लिहून द्यावं लागतं. स्वयंसेवकाने ती भूमिका घेऊ नये.

पूर्वभाग_पोरगा

आमच्या सरांनीबी हेच सांगितल्तं. खिशात मोबाईलसुद्धा ठेवू दिला नाही.

रेवती_जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं वाचून आतल्या कामाबद्दलचा आदर वाढला. नियमावलींनी सांगितलेली राखीव फळीची कल्पना मला अजूनही हवीशी वाटते आणि त्यासाठी मी आयोगाला पत्र लिहिणार आहे. शाळेतली बाई, तुम्ही बायकांच्या सोयीबद्दल लिहिलंत ते त्यात घालू का? कुठल्याही केंद्राचं नाव न घेता. आलटून पालटून बसायला एक जादा कर्मचारी आणि कडी असलेलं स्वच्छतागृह, या दोन मागण्या मी सगळ्यात वर लिहीन.

पण पत्राचं उत्तर येईपर्यंत बसून राहणार नाही. आमच्या सोसायटीत तीन इमारती आहेत, निम्मे भाडेकरू. रविवारी जिना-जिना फिरून कोणाचं नाव कुठे आहे ते बघणार. बीएलओ_ताई, आमच्या यादी भागाचे बीएलओ कोण ते कसं शोधायचं?

बीएलओ_ताई

मतदार सेवा पोर्टलवर तुमच्या ओळखपत्राचा नंबर टाकला की यादी भाग क्रमांक आणि बीएलओचं नाव दिसतं. नाहीतर जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत विचारा, लगेच सांगतील. फिरताना वही ठेवा. खोली नंबर, माणसं किती, नावं किती, कोण अठराला आलंय, कोण सोडून गेलंय, एवढंच लिहा. आधार नंबर, फोन नंबर अजिबात गोळा करू नका, लोक घाबरतात आणि ते योग्यच आहे. वही बीएलओला दाखवा, पुढचं ते करतील.

शाळेतली_बाई

जरूर घाला. आणि पत्राखाली सह्या घेणार असाल तर माझी धरा, मी नावानिशी करते.

मंगळवार_पेठ

आमच्या गल्लीचं मी करते. इथे कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं, अडचण नाही.

पूर्वभाग_पोरगा

विडी घरकुलकडं आम्ही चौघं हाव. चार रंगांचं तेलुगू पोस्टर मी चित्रासकट बनवालोय, पुढच्या वेळी केंद्राच्या बाहेर लावायची परवानगी सरांच्या थ्रू मागू. कन्नडचं रेवतीताईंनी लिहून द्यावं. उर्दूचं कोण देतंय? नई जिंदगी, शास्त्रीनगरकडचं कोणी हाय का इथं?

दाजीपेठ_७५

माझे मित्र आहेत शास्त्रीनगरला, उर्दू शाळेत शिकवतात. उद्या विचारून कळवतो. पोस्टर केवढं करायचं ते सांग, छापायचा खर्च माझ्याकडे.